हाफ डोमचा दुसरा अर्धा भाग कुठे गेला?

कॅलिफोर्नियातील योसेमिटी दरीच्या पूर्व टोकाला उभा असलेला हाफ डोम हा डोंगर ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलेला नाही, त्यांनीही त्याचे चित्र नकळत पाहिलेले असते, कारण गिर्यारोहणाचे कपडे आणि सॅक बनवणाऱ्या 'द नॉर्थ फेस' या कंपनीच्या बोधचिन्हातील कमानदार रेषा याच डोंगराच्या आकारावरून घेतलेल्या आहेत. एका अंगाने मंदिराच्या घुमटासारखा गोल आणि दुसऱ्या अंगाने सुरीने कापल्यासारखा उभा असा हा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे २६९० मीटर उंच आहे आणि दरीच्या तळापासून तो जवळजवळ दीड किलोमीटर वर जातो. दरीत उभे राहून त्याच्याकडे पाहणाऱ्याच्या मनात हटकून एक प्रश्न येतो, तो म्हणजे याचा दुसरा अर्धा भाग गेला कुठे. बर्फाच्या प्रचंड नदीने तो कापून नेला असावा, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती आणि आजही अनेक जण तेच सांगतात. भूवैज्ञानिकांचे उत्तर मात्र वेगळे आहे : जो अर्धा भाग हरवला असे आपल्याला वाटते, तो बहुतांशी कधी हरवलाच नाही.

हे उत्तर समजून घ्यायचे तर आधी तो खडक तडकतो कसा हे समजून घ्यावे लागते. प्रस्तरारोहकांच्या दृष्टीने तर हा या डोंगराचा सर्वांत महत्त्वाचा गुण आहे, कारण ज्या भेगांनी या डोंगराला त्याचा आकार दिला, त्याच भेगांत बोटे आणि मेखा अडकवून माणसे त्याच्या कड्यावर चढली, आणि त्याच भेगा रुंदावत गेल्यामुळे त्या चढाईच्या वाटेचा एक तुकडा एके दिवशी खाली कोसळला.

सुरुवात खडकाच्या जन्मापासून करू. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी, पृथ्वीवर डायनोसॉर वावरत असताना, पॅसिफिक महासागराच्या तळाचा एक भाग उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याखाली हळूहळू शिरत होता. सागरतळाबरोबर खाली गेलेल्या पाण्यामुळे खोलवरच्या तप्त खडकाचा वितळण्याचा बिंदू उतरला, त्यातून शिलारस तयार झाला आणि तो वर सरकू लागला. त्याचा काही भाग ज्वालामुखींतून बाहेर पडला, परंतु फार मोठा भाग जमिनीखाली काही किलोमीटर खोलीवरच अडकून राहिला आणि अत्यंत संथपणे थंड झाला. थंड होण्यास लाखो वर्षे मिळाल्यामुळे त्यातील खनिजांचे स्फटिक मोठे वाढले आणि एकमेकांत घट्ट गुंतले. या डोंगराच्या कातळाला हात लावला असता काचेसारखे करडे क्वार्ट्झ, पांढरट फेल्डस्पार आणि काळ्या हॉर्नब्लेंडचे टपोरे कण वेगवेगळे ओळखता येतात. काटेकोरपणे बोलायचे तर हा खडक ग्रॅनाइट नसून त्याचा सख्खा भाऊ ग्रॅनोडायोराइट आहे, म्हणजे त्यात पोटॅशियमयुक्त फेल्डस्पारचे प्रमाण ग्रॅनाइटपेक्षा कमी असते. आरोहक मात्र या दोघांत भेद करत नाहीत, आणि हाताला व बुटाला जे जाणवते त्यापुरते पाहिले तर त्यांचे चुकत नाही.

सह्याद्रीत हिंडणाऱ्या वाचकांनी येथे आपल्या काळ्या कातळाची आठवण करावी, कारण फरक तेथेच स्पष्ट होतो. आपला बेसॉल्टही शिलारसापासूनच झाला, पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर ओतला गेला आणि उघड्यावर लवकर थंड झाला. त्यामुळे त्याचे कण इतके बारीक राहिले की ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. शिवाय तो एका झटक्यात न येता थरांवर थर असा साचला. म्हणूनच सह्याद्रीचा कडा एकसंध नसतो : उभा कातळ, मग गवताळ पट्टा, मग मुरमाड घसारा, पुन्हा कातळ, अशी त्याची रचना असते, आणि हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यापासून जीवधनजवळच्या वानरलिंगीपर्यंत सर्वत्र आरोहकाला हातातला दगड निघून येणार नाही ना, याची सतत पारख करावी लागते. हाफ डोमच्या कातळात असे थर नाहीत. तो एकाच जागी, एकाच वेळी गोठलेला प्रचंड गोळा आहे. असा खडक आपल्यापासून फार दूर आहे असेही नाही, कारण कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी जी खोल विंधनछिद्रे घेतली गेली, त्यांत सुमारे एक किलोमीटर जाडीचा बेसॉल्ट संपल्यावर ग्रॅनाइटी खडकच लागला. आपल्याकडे तो लाव्ह्याच्या थरांखाली गाडलेला आहे, तर हाफ डोम ज्या पर्वतरांगेत आहे त्या सिएरा नेवाडात त्याच्या डोक्यावरचे सर्व थर कोट्यवधी वर्षांच्या पाऊसपाण्याने वाहून नेले आणि तो उघडा पडला.

उघडा पडल्यावर तो तडकू लागला. या तडकण्याचे दोन प्रकार आहेत आणि हाफ डोमच्या दोन बाजू एकमेकींपासून इतक्या वेगळ्या दिसतात, त्याचे कारण हे दोन प्रकारच आहेत.

पहिला प्रकार उभ्या, सरळ आणि लांबलचक भेगांचा. थंड होताना आकसल्यामुळे आणि पुढे भूकवचाच्या हालचालींचा ताण पडल्यामुळे योसेमिटीच्या खडकात ठरावीक दिशांनी जाणाऱ्या भेगांचे समूह तयार झाले. त्यांपैकी ईशान्य-नैर्ऋत्य दिशेने जाणारा एक समूह हाफ डोमच्या बाजूने गेलेला आहे आणि शेजारची तेनाया घळही बहुधा त्याच दिशेच्या भेगांच्या आधाराने कोरली गेली आहे. लाकडाचा ओंडका जसा रेषेच्या दिशेने सहज फुटतो आणि आडवा फोडायला गेल्यास दाद देत नाही, तसे या खडकाचे आहे. जेथे उभ्या भेगा दाट आहेत, तेथे खडक पातळ फळ्यांसारखा सुटत जातो आणि मागे सपाट, उभी भिंत राहते.

दुसरा प्रकार अधिक नवलाचा आहे, आणि त्यावर थोडे रेंगाळणे योग्य ठरेल. हाफ डोमच्या गोल बाजूवर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर दिसतात. हे थर खडक तयार होतानाचे नसून नंतरचे आहेत, आणि ते डोंगराच्या पृष्ठभागाला समांतर असतात. पृष्ठभाग गोल असेल तर पापुद्रा गोल असतो, आणि पृष्ठभाग सपाट असेल तर तोही सपाट असतो. भूविज्ञानात या क्रियेला एक्स्फोलिएशन म्हणतात. तिचे पाठ्यपुस्तकी स्पष्टीकरण असे की, खोलवर प्रचंड दाबाखाली तयार झालेल्या खडकाच्या डोक्यावरचे ओझे निघून गेले की तो वरच्या दिशेने फुलतो आणि या फुलण्यामुळे त्याचा वरचा थर सुटा होतो. हे ऐकायला पटते, परंतु त्यात एक अडचण आहे. ओझे निघून जाणे म्हणजे दाब कमी होणे, आणि दाब शून्यापर्यंत उतरला तरी त्यातून खडकाला ओढून फाडणारा ताण आपोआप निर्माण होत नाही. शिवाय ओझे तर सगळीकडचेच निघते, मग काही डोंगरांना पापुद्रे सुटतात आणि काहींना नाही, असे का व्हावे?

या अडचणीचे अधिक समाधानकारक उत्तर गेल्या दोन दशकांत पुढे आले आणि त्यात हवाई विद्यापीठातील स्टीफन मार्टेल यांच्या कामाचा मोठा वाटा आहे. ते समजण्यासाठी पोस्टकार्ड किंवा जाड कागदाची पट्टी हातात घ्यावी, तिला किंचित वरच्या बाजूला बाक द्यावा आणि मग दोन्ही टोकांकडून आत दाबावे. पट्टी मधोमध वर उचलली जाते. जोर आडवा लावला, पण मधला भाग उभ्या दिशेने सुटला. सिएरा नेवाडाच्या ग्रॅनाइटमध्ये असा आडवा दाब आजही भरपूर शिल्लक आहे. जेथे जमीन बहिर्वक्र, म्हणजे घुमटासारखी फुगीर असते, तेथे हा आडवा दाब वरच्या थराला बाहेर ढकलतो आणि पृष्ठभागाखाली, त्याला समांतर अशी भेग उघडते. अंतर्वक्र, म्हणजे खोलगट जागी हाच दाब थरांना आत रेटतो, म्हणून तेथे पापुद्रे सुटत नाहीत. या स्पष्टीकरणाचे मला विशेष वाटते ते असे की, त्यातून गोलाई कशी टिकते हेही कळते : फुगीर जागी पापुद्रे सुटतात, पापुद्रे सुटल्याने कोपरे आणि कडा निघून जातात, आणि उरलेला डोंगर पुन्हा फुगीरच राहतो.

हे सर्व कागदावरचे गणित वाटू नये म्हणून एक घटना सांगतो. योसेमिटीच्या वायव्येस, सिएराच्या पायथ्याशी ट्वेन हार्ट नावाचे लहान गाव आहे आणि तेथील तळ्याच्या बांधाला लागून ग्रॅनाइटचा एक घुमट आहे. ३ ऑगस्ट २०१४ रोजी, ऐन उन्हाळ्यात, त्या घुमटाचा वरचा पापुद्रा स्फोटासारखा आवाज करत तडकला आणि खडकाचे तुकडे हवेत उडाले. त्याचे चित्रीकरण झालेले आहे. भूकंप झाला नव्हता, कोणी सुरुंगही लावला नव्हता. केवळ कातळात कोंडलेल्या ताणाला वाट मिळाली होती.

आता पहिल्या प्रश्नाकडे परत येता येईल. हिमयुगांत योसेमिटी दरीतून बर्फाच्या नद्या अनेकदा वाहिल्या, त्यांपैकी शेवटच्या मोठ्या हिमकाळाचा कळस सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी झाला. हाफ डोमचा माथा मात्र सर्वांत मोठ्या हिमकाळातही बर्फाच्या वरच राहिला. म्हणजे त्याची गोलाई बर्फाने घासून आलेली नाही, ती पापुद्रे सुटून आलेली आहे. बर्फाने काम केले ते खाली, कड्याच्या पायथ्याशी. तेथे आधीच उभ्या भेगांनी सैल झालेला खडक त्याने उपसून नेला, त्यामुळे वरच्या फळ्यांचा आधार गेला, आणि त्या एकामागून एक कोसळून वायव्येकडची भिंत मागे सरकत गेली. तरीही मूळ घुमटाच्या वायव्य बाजूचा सुमारे ८० टक्के भाग आजही जागेवर असावा, असे भूवैज्ञानिक सांगतात. दरीतून तो अर्धा वाटतो, कारण तेथून दिसतो तो अरुंद, लांबट डोंगराचा एकच कडा.

या कड्यावर काळसर उभे पट्टे दिसतात. पावसाचे आणि वितळणाऱ्या बर्फाचे पाणी जेथून झिरपते, तेथे दगडफुले (लायकेन) वाढतात, त्यांचे ते पट्टे आहेत. या दरीचे मूळ रहिवासी असलेले अवानिची लोक या डोंगराला तिस्सायक म्हणत. ते एका स्त्रीचे नाव आहे. नवऱ्याशी झालेल्या भांडणानंतर ती दगड झाली आणि हे पट्टे तिच्या अश्रूंचे आहेत, अशी कथा सांगितली जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात कॅलिफोर्नियाचे प्रमुख भूवैज्ञानिक जोसाया व्हिटनी यांनी या माथ्यावर माणसाचे पाऊल कधी पडले नाही आणि कधी पडणारही नाही, असे लिहून ठेवले होते. दहा वर्षे उलटतात न उलटतात तोच, ऑक्टोबर १८७५ मध्ये, जॉर्ज अँडरसन या मूळच्या स्कॉटिश लोहाराने ते खोटे ठरवले. त्याने उभी भिंत सोडून पूर्वेकडची, पापुद्र्यांची बाजू निवडली. तेथे कातळ उभा नाही, त्याचा उतार सुमारे ४५ अंशांचा आहे, पण धरायला जवळजवळ काही नाही.

४५ अंशांचा उतार ऐकायला सौम्य वाटतो. कातळावर उभा राहिलेला माणूस घसरतो की नाही, हे त्याच्या वजनावर अवलंबून नसते, तर बूट आणि दगड यांच्यातील घर्षणावर अवलंबून असते. या उतारावर टिकून राहायचे तर घर्षणाचा जोर निदान दाबाच्या जोराइतका असावा लागतो. आजचे गिर्यारोहणाचे मऊ रबर कोरड्या, खरबरीत ग्रॅनाइटवर ही अट जेमतेम पूर्ण करते. अँडरसनच्या काळातील बूट ती अजिबात पूर्ण करत नव्हते. त्याने अनवाणी प्रयत्न केला, पायाला पाइन वृक्षाचा चिकट राळ लावून पाहिला, आणि शेवटी कातळात हाताने भोके पाडून त्यांत लोखंडी कड्या ठोकत, एका कडीवर उभे राहून पुढचे भोक पाडत तो माथ्यावर पोहोचला. निसर्गलेखक जॉन म्यूर त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अँडरसनच्या दोराच्या आधाराने वर गेले.

त्याच बाजूला १९१९ मध्ये सिएरा क्लब या निसर्गप्रेमींच्या संस्थेने पोलादी तारांचे कठडे बसवले, आणि आज सामान्य पर्यटक वर जातात ते त्यांना धरूनच. शेवटचा सुमारे १२० मीटर उंचीचा हा टप्पा सोडला तर बाकी सगळी पायवाट आहे, मात्र जाऊन येऊन ती २२ किलोमीटरांहून जास्त आहे. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तारा उभ्या केलेल्या असतात. गर्दी धोकादायक होऊ लागल्यामुळे २०११ पासून रोजच्या रोज परवाना लागतो, तो सोडत पद्धतीने मिळतो आणि दिवसाला सुमारे ३०० जणांनाच जाऊ दिले जाते. शंभर वर्षांच्या पावलांनी या पट्ट्यातला कातळ गुळगुळीत झाला आहे. घर्षणाची वर सांगितलेली अट येथे कोरड्या दिवशीही काठावरच पूर्ण होते, आणि पाऊस पडला की ती पूर्ण होतच नाही, म्हणून ओल्या कातळावर तारा धरून उतरणे हा या डोंगरावरचा मोठा धोका आहे. उघड्या माथ्यावर विजेचाही धोका असतो. जुलै १९८५ मध्ये तेथे वीज पडून दोघांचा मृत्यू झाला होता. उन्हाळ्यात दुपारी ढग जमू लागतात, तेव्हा माथ्यापासून दूर असणे हेच शहाणपणाचे.

प्रस्तरारोहकांचे लक्ष मात्र वायव्येकडच्या, सुमारे ६०० मीटर उंच भिंतीकडे होते. तेथे घर्षणाचा काही उपयोग नाही, तेथे भेगच हवी. युरोपातील आरोहक कातळाच्या भेगांत मऊ लोखंडाच्या मेखा, म्हणजे पिटॉन, ठोकत असत. चुनखडीच्या वेड्यावाकड्या भेगांत मऊ मेख वाकत-वळत शिरते आणि घट्ट बसते. ग्रॅनाइटची भेग मात्र सरळ आणि तिच्या भिंती कठीण असतात, त्यामुळे मऊ मेख तिच्यात शिरण्याऐवजी चुरगळते, आणि एकदा ठोकलेली मेख काढून पुन्हा वापरता येत नाही. कित्येक दिवसांच्या चढाईत शेकडो मेखा पाठीवर वाहून नेणे शक्य नसते. म्हणून योसेमिटीत कठीण पोलादाच्या मेखा तयार झाल्या. जॉन सालाथे या स्वित्झर्लंडहून आलेल्या लोहाराने १९४० च्या दशकात त्यांची सुरुवात केली, आणि त्याने व अँटन नेल्सन यांनी १९४६ मध्ये हाफ डोमची नैर्ऋत्य बाजू सर केली. पुढे जून १९५७ मध्ये रॉयल रॉबिन्स, जेरी गॉलवस आणि माइक शेरिक या तिघांनी पाच दिवसांत वायव्य भिंत चढून दाखवली. गॉलवस यांनी या चढाईसाठी क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या मेखा स्वतः घडवल्या होत्या. अमेरिकेत इतक्या मोठ्या आणि अवघड भिंतीची चढाई त्यापूर्वी झालेली नव्हती.

या वाटेची आखणी पाहिली तर उभ्या भेगांचे सगळे व्याकरण तीत दिसते. एक भेग वर जाते, मध्येच संपते, आणि पुढची भेग पाच-दहा मीटर बाजूला सुरू होते. मधल्या कोऱ्या कातळावर धरायला काहीच नसते, म्हणून रॉबिन्स यांनी दोराला लटकून लंबकासारखे झोके घेत पलीकडची भेग गाठली. तो टप्पा आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. माथ्याजवळ, वर ओव्हरहँग, म्हणजे डोक्यावर बाहेर झुकलेला कातळ, आलेला असताना, अगदी गरजेच्या ठिकाणी एक अरुंद आडवा कंगोरा भिंतीतून बाहेर आलेला आहे, आणि त्यावरून सरपटत किंवा भिंतीला पाठ लावून पलीकडे जाता येते. त्याचे नाव 'थँक गॉड लेज'. तेथे पोहोचलेल्या माणसाच्या तोंडून पहिले काय निघाले असेल, ते या नावातच आहे. माथ्यावर या तिघांच्या स्वागताला वॉरन हार्डिंग उभे होते. हीच भिंत चढायचा त्यांचाही विचार होता, आणि ती हुकल्यावर त्यांनी दरीतल्या एल कॅपिटन या आणखी उंच कड्याकडे मोर्चा वळवून १९५८ मध्ये तो सर केला.

कठीण पोलादाने एक प्रश्न सोडवला आणि दुसरा उभा केला. तीच भेग, त्याच जागी, वर्षानुवर्षे मेख ठोकून आणि उपटून उखणली जाऊ लागली. नऊ कोटी वर्षे टिकलेला खडक वीस वर्षांत ढासळू लागल्याचे पाहून आरोहकांनीच हातोडा खाली ठेवण्याचा विचार मांडला. १९७३ मध्ये डग रॉबिन्सन, डेनिस हेनेक आणि गॅलन रॉवेल यांनी वायव्य भिंत एकही मेख न ठोकता चढली. भेगेच्या निमुळत्या भागात अडकून बसणाऱ्या धातूच्या पाचरींचा त्यांनी आधार घेतला. माझ्या मते या डोंगरावरच्या चढायांपैकी ही सर्वांत मोलाची, कारण तिने पुढच्या सर्वांसाठी वाट जशी होती तशी ठेवली.

निमुळती नसलेल्या, समांतर भेगेत मात्र पाचर टिकत नाही. तिच्यासाठी रे जार्डाइन यांनी योसेमिटीतच घडवलेले आणि १९७८ च्या सुमारास बाजारात आलेले 'कॅम' हे साधन कामी येते. त्यात स्प्रिंगवर फिरणारी, शंखाच्या वळणासारखी गोलाई असलेली धातूची पाती असतात. या वळणाचे वैशिष्ट्य असे की, पाते कितीही फिरले तरी ते भेगेच्या भिंतीला एकाच कोनात टेकते, आणि हा कोन सुमारे १४ अंशांचा ठेवलेला असतो. दोराला हिसका बसला की खाली ओढणारा जोर पात्यांना बाहेर फाकवतो आणि दोन्ही भिंतींवर त्या ओढीच्या सुमारे दुप्पट जोराचा दाब पडतो. जितके जोरात ओढावे, तितके साधन घट्ट बसते. भिंती भक्कम असतील तर हे वरदान आहे. परंतु त्या भेगेची एक भिंत म्हणजे डोंगर आणि दुसरी म्हणजे त्यापासून अर्धवट सुटलेला ढलपा असेल, तर हाच दुप्पट जोर त्या ढलप्याला पहारीसारखा बाहेर रेटतो. म्हणून अनुभवी आरोहक कॅम लावण्यापूर्वी कातळावर मूठ आपटून पाहतात. भरीव आवाज आला तर ठीक, आणि रिकाम्या रांजणासारखा पोकळ आवाज आला तर दुसरी जागा शोधतात.

नैर्ऋत्य बाजूला एक वाट अशी आहे जिला भेग लागतच नाही. मूळ शिलारस गोठत आल्यानंतर शेवटच्या उरलेल्या, क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारने संपन्न रसाने एका फटीत शिरून पट्टा तयार केला. अशा पट्ट्याला डाइक म्हणतात. भोवतालच्या खडकापेक्षा हा पट्टा हळू झिजला, म्हणून तो आज कातळावरून वर जाणाऱ्या नागासारखा उठून दिसतो आणि त्याच्या गाठी हातापायांना आधार देतात. एरिक बेक, जिम ब्रिडवेल आणि ख्रिस फ्रेडरिक्स यांनी १९६५ मध्ये शोधलेली ही वाट 'स्नेक डाइक' म्हणून ओळखली जाते. धुळे-नंदुरबारकडे लांबच लांब भिंतींसारख्या पसरलेल्या टेकड्या याच न्यायाने उभ्या आहेत, फक्त तेथील डाइक काळ्या खडकाचे आहेत. स्नेक डाइकची चढाई अवघड नाही, परंतु भेग नसल्याने कॅम किंवा पाचर लावायला जागा नाही आणि कातळात भोक पाडून कायमचे बसवलेले बोल्ट एकमेकांपासून फार दूर आहेत, त्यामुळे पाय सुटला तर पडणे लांबचे होते. सोपी वाट आणि सुरक्षित वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजलेल्यांनीच तेथे जावे.

वायव्य भिंत १९७६ मध्ये जिम एरिकसन आणि आर्ट हिगबी यांनी, माथ्याजवळचा थोडा भाग वगळता, साधनांना न लटकता केवळ हातापायांच्या बळावर चढली, तर २००८ मध्ये अलेक्स होनोल्ड दोराशिवाय, एकटाच, तीन तासांच्या आत ती चढून गेला. मग जुलै २०१५ मध्ये याच वाटेच्या मधल्या भागातला एक मोठा ढलपा खाली आला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही, पण असंख्य आरोहकांनी हात लावलेले, प्रत्येकी एका दोराच्या लांबीचे दोन टप्पे नाहीसे झाले आणि मागे फिकट, कोरा कातळ उघडा पडला. तो टाळून बाजूने जाण्याचा मार्ग पुढे शोधला गेला.

असे ढलपे नेमके केव्हा सुटतात? पाऊस, गोठणारे पाणी आणि भूकंप ही कारणे परिचित होतीच, परंतु कोरड्या, तापलेल्या दुपारीही योसेमिटीत दरडी कोसळत होत्या आणि त्यांचा उलगडा होत नव्हता. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे ब्रायन कॉलिन्स आणि योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाचे भूवैज्ञानिक ग्रेग स्टॉक यांनी दरीतल्याच एका कड्यावर १९ मीटर उंच आणि सरासरी १० सेंटिमीटर जाडीच्या ढलप्यामागे मोजमापाची उपकरणे बसवून साडेतीन वर्षे नोंदी घेतल्या. ढलपा उन्हाने तापतो आणि प्रसरण पावतो, पण वर-खाली जखडलेला असल्याने त्याला लांबायला जागा नसते, म्हणून तो मधोमध बाहेर फुगतो. रात्री थंड झाला की परत आत जातो. ही हालचाल दिवसाला एक सेंटिमीटरपर्यंत होती, म्हणजे भक्कम दिसणारा तो कातळ रोज श्वास घेतल्यासारखा हलत होता. प्रत्येक वेळी तो पूर्वीच्या जागी तंतोतंत परतत नव्हता, थोडा बाहेरच राहत होता, आणि वर्षागणिक भेग रुंदावत होती. २०१६ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले, तेव्हा ऊन हेही दरड कोसळण्याचे एक कारण आहे, हे मोजमापासह सिद्ध झाले.

सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहणारी मराठी कुटुंबे आणि त्यांच्याकडे उन्हाळ्यात येणारे आईवडील योसेमिटीला आवर्जून जातात, आणि बहुतेक जण ग्लेशियर पॉइंटवरून हाफ डोमचे छायाचित्र घेऊन परततात. त्यांनी त्याच रस्त्यावर, ग्लेशियर पॉइंटच्या सुमारे एक किलोमीटर अलीकडे असलेल्या वॉशबर्न पॉइंटला गाडी थांबवावी. तेथून हा डोंगर जवळजवळ कडेने दिसतो. दरीतून घुमट वाटणारा तो प्रचंड कातळ येथे एखाद्या उभ्या, जाड फळीसारखा अरुंद होतो, डावीकडची वायव्य भिंत जितकी उभी आहे जवळजवळ तितकीच उजवीकडची आग्नेय बाजूही उभी असल्याचे ध्यानात येते, आणि गोलाई उरते ती फक्त अगदी माथ्यापाशी.